‘अलबेला’तील ट्रंपेट आणि उसन्या लयीचा प्रश्न

परक्या भाषेतून आलेला शब्द आपला केव्हा होतो, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला नवा नाही. परक्या मुलखातून आलेली लय आपली केव्हा होते, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. जेव्हा विचारला गेला तेव्हा तो आरोपाच्या रूपाने. अमुक संगीतकाराने तमुक चाल उचलली, एवढे सप्रमाण दाखविले म्हणजे समीक्षकाचे काम संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखकही या समजुतीपासून मुक्त नव्हता. विद्यार्थिदशेत लिहिलेल्या एका निबंधात मी ‘अलबेला’ या चित्रपटाच्या संगीताची संभावना ‘भाड्याने आणलेला पोशाख’ अशा शब्दांत केली होती. तो निबंध कोठे छापला गेला नाही, हे बरेच झाले. ते मत मागे घेणे हा या टिपणाचा हेतू आहे; आणि ते का मागे घ्यावे लागले हे सांगताना धुळे-जळगावकडील वरातीच्या बँडची साक्ष काढावी लागणार आहे, याची वाचकांस आधीच कल्पना दिलेली बरी. संशोधनपत्रिकेच्या पानांत वरातीचा बँड शोभत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी भाषाशास्त्रही बोलीच्या वाटेनेच मोठे झाले आहे हे ध्यानात घ्यावे.

निमित्त एका अमेरिकन ध्वनिमुद्रिकेचे झाले. क्विन्सी जोन्स (१९३३–२०२४) हे नाव पुढे मायकेल जॅक्सनच्या मुद्रिकांचे निर्माते म्हणून जगभर गेले. परंतु त्यांचा आरंभ ट्रंपेटवादक म्हणून, लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात झाला. १९५६ साली डिझी गिलेस्पी यांचा मोठा वाद्यवृंद अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वतीने दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा जोन्स त्यात होते. १९६२ साली त्यांची ‘बिग बँड बोसा नोव्हा’ ही मुद्रिका निघाली. बोसा नोव्हा म्हणजे ‘नवी ढब’. रिओ शहरात १९५८ च्या सुमारास जुवांव जिल्बेर्तो (गोव्याकडचे वाचक हे नाव असेच उच्चारतील) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांबा या नाचाच्या गजबजलेल्या लयीला एका गिटारीवर आणि जवळजवळ कुजबुजत्या आवाजावर उतरविले, ती ही ढब. खोलीत शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू जावे, एवढाच तिचा आवाज. जोन्स यांनी तिच्यावर ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचा सगळा फौजफाटा चढविला.

परिणाम संमिश्र आहे, असे माझे मत. ‘देसाफिनादो’सारखी नाजूक रचना या ओझ्याखाली वाकते. गाणे कानाशी बोलू पाहते आणि वाद्यवृंद मैदानाला उद्देशून भाषण करतो. याउलट ‘सोल बोसा नोव्हा’ ही जोन्स यांची स्वतःची रचना आजही ताजी वाटते, कारण तिने नाजूकपणाचे सोंगच घेतलेले नाही. रोलंड कर्क यांची बासरी, क्विका या ब्राझिली वाद्याचे ते माकडासारखे किंचाळणे आणि पितळी वाद्यांची हसरी दटावणी, या तिन्हींचा मेळ तिथे बसतो. या रचनेला १९९७ साली एका विनोदी हेरपटाच्या शीर्षकगीतात पुन्हा जागा मिळाली, ती उगीच नव्हे. ब्राझीलकडून लय घ्यायची, पण ब्राझिली असल्याचा आव आणायचा नाही, हे धोरण या एका रचनेत पुरते सांभाळले आहे.

ही मुद्रिका ऐकून झाल्यावर एका सहकाऱ्याने सहज विचारले, “आपल्याकडे असे कोणी केले काय?” उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, आणि ते देताना स्वतःचा जुना निबंध आठवून संकोच वाटला. आपल्याकडे हे जोन्स यांच्याआधी अकरा वर्षे झाले होते. ते एका मराठी संगीतकाराने आणि एका गोमंतकीय ट्रंपेटवादकाने केले होते, आणि ते मी लहानपणापासून धुळ्याच्या आग्रा रोडवर दर लग्नसराईत ऐकत आलो होतो.

‘अलबेला’ १९५१ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक आणि नायक भगवान (भगवान आबाजी पालव), नायिका गीता बाली, गीते राजेंद्रकृष्ण यांची, संगीत सी. रामचंद्र यांचे. रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२) हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. विनायकबुवा पटवर्धनांसारख्या गुरूंपाशी त्यांनी रागदारीचे शिक्षण घेतलेले होते. हे सांगण्याचे कारण असे की, पाश्चात्य वाद्यमेळाकडे ते आपले काही नाही म्हणून वळले नाहीत. याच चित्रपटातील ‘धीरे से आजा री’ या अंगाईत पिलूची छाया आहे, आणि तिथे त्यांना ट्रंपेटची आठवणसुद्धा होत नाही. ‘शोला जो भडके’ आणि ‘दीवाना परवाना’ या दोन गाण्यांत मात्र बोंगो, मराकस (आपल्या भाषेत खुळखुळे), ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन अशी मंडळी पुढे येऊन बसतात. त्या मंडळींचा पुढारी आंतोनियो शाविएर वाझ. हा बार्देशातील हळदोण्याचा माणूस १९१६ साली जन्मला, १९६७ साली वारला आणि मुंबईच्या नाचघरांत ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखला गेला. ताजमहाल हॉटेलात त्याचा वाद्यवृंद वाजत असे, आणि लोक त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ‘दीवाना परवाना’ या गाण्यात झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेले वादक पडद्यावर दिसतात, ते हेच.

मध्यंतरी एक वर्ष मागे जावे लागेल. १९५० च्या ‘समाधी’ या चित्रपटात सी. रामचंद्रांचेच ‘गोरे गोरे’ हे गाणे आहे. त्याची चाल १९४५ च्या ‘डॉल फेस’ या हॉलिवूडच्या बोलपटातील ‘चिको चिको’ या गाण्यावरून आली, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. हे गाणे तिथे कार्मेन मिरांडा हिने गायिले होते. ही स्त्री १९०९ साली पोर्तुगालात जन्मली, तान्ही असतानाच ब्राझीलला आली, रिओत सांबागायिका म्हणून नावारूपाला आली, आणि १९३९ साली अमेरिकेत गेली. १९४० साली ती रिओला परतली तेव्हा ‘ही आता अमेरिकन झाली’ म्हणून तिच्याच लोकांनी नाके मुरडली, आणि तिने त्या टीकेला एक सांबा गाऊनच उत्तर दिले. म्हणजे ज्या गाण्याची नक्कल केली म्हणून आपण रामचंद्रांना दोष देतो, ते अमेरिकन रचनाकारांनी लिहिलेले, पोर्तो रिकोवर बेतलेले आणि पोर्तुगालात जन्मलेल्या ब्राझिली बाईने गायिलेले होते. अस्सल मूळ कोठे शोधावयाचे?

येथे एका विषयांतराबद्दल जळगावकर वाचक मला क्षमा करतील. कार्मेन मिरांडाची जगप्रसिद्ध प्रतिमा म्हणजे डोक्यावरची फळांची रास. १९४३ च्या एका चित्रपटात तर तिच्याभोवती माणसाएवढी केळी नाचविली आहेत. आता केळ ही मूळची आपल्या पूर्वेकडची. ती ब्राझीलला नेली पोर्तुगीजांनी. उलट ब्राझीलहून त्याच जहाजांतून आपल्याकडे आले काजू आणि अननस. हे दोन्ही शब्द तिथल्या आदिवासींच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी आणि तिथून आपल्या तोंडी बसले. रावेर-यावलच्या शेतकऱ्याच्या घरी शिऱ्यात काजू पडतो तेव्हा तो ब्राझिली शब्द उच्चारीत असतो, आणि रिओची नाचणारी बाई डोक्यावर आपल्याकडची केळी मिरवीत असते. देवाणघेवाणीचा हिशेब मांडायचा तर तो इतका जुना आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. व्याकरणकारांनी शब्दांचे तत्सम आणि तद्भव असे जे वर्ग केले, ते संस्कृतच्या संदर्भात केले. परंतु उसन्या शब्दांच्या संदर्भातही ते कामाचे आहेत. जो शब्द आपले मूळचे रूप सांभाळून येतो तो तत्सम. जो आपल्या ध्वनिव्यवस्थेच्या मुशीत ओतला जाऊन नवा होतो तो तद्भव. पोर्तुगीज ‘गामेला’चे ‘घमेले’ झाले, ‘त्रोंको’चा ‘तुरुंग’ झाला. तुरुंगाला परका शब्द म्हणून कोणी ओळखील काय? या कसोटीने पाहिले तर ‘गोरे गोरे’ हे तत्सम आहे. चाल ओळखू येते, ठेका ओळखू येतो, शब्द तेवढे बदलले. ते गोड आहे, पण त्याची गोडी बरीचशी मूळचीच आहे. नक्कल म्हणावयाचे असेल तर ती येथे म्हणावी. मी हरकत घेणार नाही. ‘शोला जो भडके’ची गोष्ट वेगळी आहे. तिथे कोणा एका गाण्याची चाल नाही. आलेली आहे ती लय, आणि ती ज्या रीतीने आली आहे ती पाहण्यासारखी आहे.

सांबा, रुंबा आणि त्यांच्या भावंडांमध्ये एक आकृती वारंवार भेटते. आठ सारख्या घटकांचे आवर्तन, आणि त्यात आघात तीन, तीन व दोन असे पडतात. आपला केरवाही आठ मात्रांचाच. पण तो चार-चार असा तुटतो. छंदःशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त ज्याला पद्मावर्तन म्हटले आहे तो हाच आठ मात्रांचा साचा. ‘केळी आणा’ असे म्हटले की चार-चार मात्रा होतात. ‘केळ, पान, दे’ असे म्हटले की तीन, तीन, दोन. दोन्हींची बेरीज आठच. एकच आवर्तन दोन रीतींनी मोजणे हे मराठी कानाला परके नाही. मात्रावृत्तांत शब्दांच्या जागा बदलून कवी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. मग परके काय? परके आहे ते वजन. सांब्यात मोठा नगारा दुसऱ्या ठोक्यावर जोराने पडतो, पहिला ठोका जवळजवळ मोकळा सुटतो. आपल्या कानाला सम हवी असते, आणि ती पहिल्याच मात्रेवर हवी असते.

‘शोला जो भडके’त काय केले आहे ते या दृष्टीने ऐकावे. माझ्या कानाला जे जाणवते ते असे: खुळखुळे आणि बोंगो तीन-तीन-दोनची आठवण सतत जागी ठेवतात, पण लताबाई आणि स्वतः चितळकर यांच्या तोंडचे शब्द ठळकपणे समेवर उतरतात. दोन्ही मोजण्या एकाच वेळी चालू आहेत. ट्रंपेट कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला उभा राहतो. गाण्याच्या ओळी चालू असता तो बहुधा गप्प असतो. ओळ संपली की तीन-तीन-दोनच्या आघातांनी तिला उत्तर देतो, आणि पुढची ओळ येण्यापूर्वी समेवर येऊन तिला वाट करून देतो. हे काम केवळ फुंकणाऱ्याचे नाही. दोन व्याकरणे ज्याला येतात अशा दुभाष्याचे ते आहे. चिक चॉकलेट आणि त्याचे सोबती लहानपणी गोव्याच्या चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेले होते. तारुण्यात नाचघरांतून अमेरिकन मुद्रिका कानांनी टिपून घेत होते. आणि उदरनिर्वाहासाठी हिंदी चित्रपटांच्या वाद्यमेळात बसत होते. रामचंद्रांनी गाऊन दाखवायचे आणि या मंडळींनी ते वाजते करायचे, अशी ही वाटणी होती. त्या वाटणीत लयीचा निर्णय कोणाचा आणि किती, हे आज रेघ ओढून सांगता येणार नाही.

आणि नेमके हेच आपल्या समीक्षेने कधी विचारले नाही. ७८ गतीच्या तबकडीच्या लेबलावर चित्रपटाचे, गाणाऱ्यांचे आणि संगीतकाराचे नाव असे. वादकाचे नाव छापण्याची रीत नव्हती. चिक चॉकलेटने १९५१ च्या ‘नादान’ला स्वतंत्रपणे संगीत दिले, १९५२ च्या ‘रंगीली’लाही दिले, तरीसुद्धा मराठी संगीतसमीक्षेत त्याचे नाव शोधावे लागते. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांचीही तीच गत. या वादकांविषयी जे गंभीर लेखन झाले ते बहुतेक इंग्रजीत झाले. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ साली आले. ग्रेगरी बूथ यांनी २००५ साली वरातीच्या बँडवर आणि २००८ साली मुंबईच्या चित्रपट-वादकांवर असे दोन ग्रंथ लिहिले. ज्या भाषेच्या माणसाने हे संगीत रचले त्या भाषेत मात्र आपण चाल कोठून उचलली याच्या याद्या करीत बसलो. माझा निबंध हा त्या यादीतलाच एक भाग होता.

विस्मृतीचा हा व्यवहार भाषेच्या अंगाने किती विचित्र असू शकतो, याचा एक नमुना येथे द्यावासा वाटतो. १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ हे रामचंद्रांचे गाणे म्हणजे निरर्थक शब्दांची गंमत, असे आपण सारे मानतो. त्याची जन्मकथा अशी सांगितली जाते की, बाहेर खेळणाऱ्या मुलांची मोजणी कानावर पडून मुखडा सुचला, आणि रामचंद्रांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात ‘माका नाका’ची भर घातली. कोकणी जाणणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही की ‘माका नाका’ म्हणजे ‘मला नको’. पुरता अर्थ असलेले, कर्ता-क्रियेसह व्याकरणशुद्ध असे हे वाक्य! सगळ्या हिंदुस्थानाने ते अर्थहीन म्हणून गायिले. मुंबईपासून फार लांब नसलेल्या भुसावळात आम्हीही ते अर्थहीन म्हणूनच गायिलो. सामान्यतः उसना शब्द येतो तो अर्थ घेऊन येतो आणि रूप बदलतो. येथे रूप जसेच्या तसे राहिले आणि अर्थ तेवढा गळून पडला. गोमंतकीय वादकांचे आपल्या संगीतात जे झाले ते याहून फार निराळे नाही. त्यांचा नाद राहिला.

‘अलबेला’चे सगळेच संगीत या कसोटीला उतरते असे मात्र मी म्हणणार नाही. ‘दीवाना परवाना’ मला आजही अर्धवट वाटते. तिथे पोशाख, वाद्ये, हावभाव सारे लॅटिन आहे, पण चालीने त्यांच्याशी फारसे बोलणे केलेले नाही. वाद्यवृंद आपल्या जागी उत्तम वाजतो, गाणे आपल्या जागी गोड आहे, आणि दोघांच्या मध्ये शिवण दिसते. ‘भाड्याने आणलेला पोशाख’ हे माझे जुने वाक्य या एका गाण्यापुरते अगदीच चूक नव्हते. चूक ही झाली की, एकाचा दोष मी सगळ्यांवर लादला. शिवाय भगवान यांच्या पावलांकडे मी दुर्लक्ष केले. गिरणी कामगाराचा हा मुलगा शास्त्र शिकलेला नर्तक नव्हता. त्याच्या नाचात उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. पाऊल जेमतेम उचलायचे, कोपर हलवायचे, आणि चेहऱ्यावर गंमत ठेवायची. तीन-तीन-दोनची लय हात आणि खांदे घेतात, पाय मात्र चार-चारच टाकतात. थिएटरात लोक पडद्यावर पैसे उधळीत आणि जागेवर उठून नाचू लागत, असे त्या काळचे पुष्कळ लोक सांगत आले आहेत. ते शक्य झाले, कारण हा नाच कोणालाही येण्यासारखा होता. गणपतीच्या मिरवणुकीत आणि वरातीत आपण आज जे नाचतो त्यात त्याचा अंश आहे.

वरातीचा विषय निघालाच आहे. माझ्या लहानपणी, म्हणजे १९८५ ते १९९० च्या सुमारास, धुळ्यात लग्न म्हटले की बँड असे, आणि बँड म्हटले की ‘शोला जो भडके’ ठरलेले असे. गाणे तेव्हाच पस्तीस-चाळीस वर्षांचे जुने झालेले होते. पुढे बँजो आला, मग ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करणारे डीजे आले, आणि ट्रंपेट वाजविणारे हात कमी होत गेले. गेल्या दोन हिवाळ्यांत मी धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांतील काही जुन्या वादकांना भेटलो. बोलीतील उच्चारांची नोंद करणे हे माझे मूळ काम होते. परंतु त्यांतील एका वृद्ध ट्रंपेटवादकाने मला जे दाखविले, त्यामुळे हे टिपण लिहावे लागले.

हे गृहस्थ स्वरलेखन जाणत नाहीत. वडिलांकडून वाद्य आले, तसे तोंडी आले. त्यांना मी ‘शोला जो भडके’मधली ट्रंपेटची जागा वाजविण्याआधी तोंडाने म्हणून दाखवायला सांगितली. ते म्हणाले, “टाण, टाण, टा.” मी पुन्हा म्हणावयास लावले; पुन्हा तेच. वाचकांनी मात्रा मोजून पाहाव्या. ‘टाण’च्या तीन, पुन्हा ‘टाण’च्या तीन, ‘टा’च्या दोन. ‘केळ, पान, दे’ आणि ‘टाण, टाण, टा’ यांची तोलाई एकच आहे. हवानातून आणि रिओतून न्यू यॉर्कला, तिथून तबकडीवरून मुंबईला, आणि मुंबईहून पडद्यावरून धुळ्याला आलेली ही आकृती एका निरक्षर वादकाने लघुगुरूच्या हिशेबात बिनचूक बसविली होती. त्याला सांबा हा शब्द ठाऊक नव्हता. तद्भव म्हणावयाचे ते याहून निराळे काय असते?

त्यांनी नंतर ते वाजविले, आणि तिथे एक गोष्ट मूळ मुद्रिकेहून वेगळी होती. शेवटचा ‘टा’ ते अर्ध्यावर तोडीत. मी कारण विचारले तेव्हा ते उठून उभे राहिले आणि अंगणात चालत चालत वाजवू लागले. मग माझ्या ध्यानात आले. वरातीत वादक चालत असतो. पावले चार-चार पडतात, ओठांवर तीन-तीन-दोन असते, आणि श्वास घ्यायला जागा हवी असते. ती जागा त्या तोडलेल्या ‘टा’त होती. शेजारी बसलेल्या ढोलवाल्याने, जो शिरपूरकडच्या पावरा वस्तीतला होता आणि होळीचे मोठे ढोल लहानपणापासून वाजवीत आला होता, आपला जड ठोका पहिल्या नव्हे तर दुसऱ्या ठोक्यावर टाकला. हा योगायोग असेल. त्या ढोलांचा सांब्याच्या नगाऱ्याशी संबंध जोडण्याचे धाडस मी करणार नाही. पण मुंबईच्या स्टुडिओत जे वजन समेकडे सरकविले गेले होते ते आमच्या अंगणात पुन्हा आपल्या मूळ ठिकाणी आलेले मी ऐकले, एवढे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

या वादकांच्या वाजविण्याची पद्धतशीर ध्वनिनोंद झालेली माझ्या पाहण्यात नाही. बोलींच्या नोंदीसाठी जी यंत्रे आपण खेडोपाडी नेतो त्यांनीच हे कामही होण्यासारखे आहे. नव्या खर्चाची गरज नाही. मी ज्यांना भेटलो त्यांतील बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहेत, आणि ट्रंपेट हे दातांचे वाद्य आहे. दात गेले की ओठांना आधार राहत नाही. एकाने मला वाद्य दाखविले, पुसून पुन्हा ठेवून दिले, आणि वाजविण्याबद्दल काहीच बोलला नाही.

निघताना त्या वृद्ध ट्रंपेटवादकाला मी विचारले, “आप्पा, ही चाल मुळात कोणाची?”

“हाई तं आमनीच चाल शे, सर,” ते म्हणाले.

मी त्यांना हळदोण्याच्या आंतोनियो वाझविषयी सांगितले. १९५१ साल सांगितले, ताजमहाल हॉटेल सांगितले, झालरीचे सदरे सांगितले. त्यांनी सगळे लक्ष देऊन ऐकून घेतले. नाव दोनदा म्हणून पाहिले. मग विचारले, “तो बठीसन वाजाडे का चालीसन?”

“बसून,” मी म्हणालो.

त्यांनी ट्रंपेट फडक्यात गुंडाळला. “मंग सोपं शे,” ते म्हणाले.